पाठमोरा कर्णा : पक्षीछायाचित्रांच्या एका रूढीविषयी

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी फोनवर 'कर्णा' एवढंच सांगितलं, आणि त्यांनी तो महाभारताच्या खात्यात टाकला. तेव्हा आधीच सांगतो, कर्ण नव्हे, कर्णा. इंग्रजीत ज्याला मलबार ट्रोगन म्हणतात तो पक्षी. आणि खरं म्हणजे पक्ष्यावरही नाही, त्याच्या छायाचित्रांवर बोलायचं आहे. चित्रकलेची समीक्षा होते, सिनेमाची होते. पक्ष्यांच्या फोटोंखाली मात्र 'अप्रतिम', 'कमाल शार्प' याच्या पलीकडे आपण जात नाही. आज माझ्या परीने तो प्रयत्न करतो.

तुमच्यापैकी काही जणांनी कर्णा पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नाही त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याचा फोटो नक्की पाहिला असेल. या दुसऱ्या मंडळींची संख्या फार मोठी आहे, आणि त्यांना नेमकं काय दिसलं, हा माझा प्रश्न आहे.

आधी पक्षी. सह्याद्रीत आणि श्रीलंकेत जिथे दाट सावलीचं डोंगरी जंगल उरलं आहे तिथे हा आढळतो. आंबोली, तिळारी, गोव्यातलं मोले, पलीकडे दांडेली, आणि खाली केरळात तट्टेकाड. नराचं डोकं आणि छाती काळी, मग एक बारीक पांढरा पट्टा, आणि त्याखाली पोट किरमिजी लाल. पाठ तपकिरी. मादी सगळीच दालचिनीच्या रंगाच्या आसपास, पांढरा पट्टाही नाही. शेपूट लांब, टोकाला चौकोनी कापल्यासारखी. मल्याळीत त्याला तीक्काक्का म्हणतात, आगीचा कावळा. आपण त्याला कर्णा म्हणतो, पण आवाज कर्ण्याच्या अगदी उलट आहे. मऊ, घोगरा, जवळ असूनही लांबून आल्यासारखा.

हा पक्षी बसतो. वाक्य साधं आहे, पण कर्ण्याबद्दल बोलताना ते मुख्य वाक्य आहे. मधल्या उंचीच्या फांदीवर, ताठ, शेपूट सरळ खाली सोडून, मिनिटामागून मिनिटं. मान फक्त हळूहळू फिरते. मधेच एक झेप, पानावरचा किडा उचलला, पुन्हा दुसऱ्या फांदीवर तसाच. आणि तुमची चाहूल लागली की तो पुष्कळदा उडून जात नाही. तो वळून बसतो. तुमच्याकडे पाठ करतो. लाल पोट पलीकडे, आणि तुमच्या बाजूला एक तपकिरी पाठ, जी वाळलेल्या पानांत, खोडांत, सावलीत विरून जाते. जंगलातल्या सगळ्यात भडक पक्ष्यांपैकी हा एक, आणि माणूस समोर आला की त्याचं उत्तर म्हणजे भडकपणा पाठीमागे घालणं. मागे वळून एका खांद्यावरून तो तुम्हाला बघत राहतो, ते वेगळं.

आता छायाचित्र. तुम्ही कुठलंही पक्ष्यांचं कॅलेंडर काढा, स्पर्धेतले निवडक फोटो काढा. कर्णा दिसेल तो समोरून. पोट पूर्ण उजळलेलं. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका. फांदी एक, शक्यतो शेवाळ असलेली. आणि मागची पार्श्वभूमी म्हणजे लोणी. हिरवं, एकजीव, गुळगुळीत. एकही पान ओळखता येत नाही. हा कर्णा कोणत्या जंगलात आहे, किती उंचीवर आहे, त्याच्याभोवती वेत आहे की कारवी आहे, काही नाही. तो स्टुडिओत बसलेला आहे.

मी हे तांत्रिक दोष म्हणून सांगत नाही. उलट तांत्रिकदृष्ट्या हे फोटो फार चांगले असतात. मोठी लेन्स, रुंद छिद्र, त्यामुळे मागचं सगळं वितळतं आणि पक्षी पिसापिसानं उठून दिसतो. माझा आक्षेप वेगळा आहे. या रूढीनं कर्ण्याचा एक क्षण 'कर्णा' म्हणून निवडला आहे, आणि तो नेमका असा क्षण आहे की त्यात कर्णा कर्ण्यासारखा वागत नसतो. तुम्हाला त्याची छाती दिसते याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की त्याला तुमची जाणीव नाही, किंवा त्याला कुणीतरी फसवून तिकडे तोंड करायला लावलं आहे.

ही निवड कॅमेऱ्यानं केली असं मात्र नाही. ती जुनी आहे. लंडनच्या जॉन गूल्डनं १८३४ साली आपल्या सह्याद्रीतल्या कर्ण्याला मलबारिकस हे नाव दिलं, आणि १८३८ पर्यंत त्यानं ट्रोगन कुळावर एक अख्खा सचित्र ग्रंथ पूर्ण केला. दगडावर छापलेली, हातानं रंगवलेली मोठी चित्रं. ती मुख्यतः कशावरून काढली? लंडनला पोचलेल्या कातड्यांवरून. पेंढा भरलेल्या पक्ष्याला ढंग नसतो. त्याला कसं बसवायचं हे चित्रकार ठरवतो, आणि गिऱ्हाईक रंगासाठी पैसे देत असेल तर छाती पुढे येणारच. यात एक गंमत आहे. ट्रोगनची कातडी फार पातळ, पिसं फार सैल; जरा ओढलं की झुबका हातात येतो. म्हणजे ज्या पक्ष्याला धरून ठेवणं सगळ्यात अवघड, त्याच्यावर सगळ्यात देखणा ग्रंथ.

आमचा आजचा फोटोग्राफर गूल्डचं नावही न ऐकता गूल्डचीच पानं पुन्हा काढतो आहे. मोकळी पार्श्वभूमी, एक फांदी, बाजूनं किंवा समोरून पक्षी. त्याहून मागे जायचं तर जहांगीरच्या दरबारातला उस्ताद मन्सूर. त्याच्या कित्येक पक्ष्यांमागेही कागद जवळजवळ कोराच आहे. पण मन्सूरचा कोरा कागद काही लपवत नाही, तो सांगतो की हे चित्र आहे. लोण्यासारखी हिरवी पार्श्वभूमी मात्र म्हणते, हे जंगल आहे. तिथे मला खोट दिसते.

रंगाचं घ्या. यान पुर्किन्ये नावाचा एक चेक शास्त्रज्ञ होता, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याला असं दिसलं की दिवसा झगझगीत वाटणारी लाल फुलं पहाटेच्या अंधूक उजेडात काळपट होतात, आणि त्याच झाडाची हिरवी पानं त्या मानानं उजळ दिसतात. उजेड कमी होत जातो तसा आपला डोळा लाल रंगाला आधी सोडतो. आता कर्णा कुठे भेटतो? दाट झाडीखाली, बऱ्याचदा सकाळी सहा-सातला. त्या वेळी त्याचं पोट तुमच्या डोळ्याला लाल दिसतं का? नीट आठवून बघा. एक गडद, जड, जवळजवळ तांबूस-काळा डाग दिसतो, आणि मन म्हणतं 'लाल', कारण पुस्तकात लाल आहे. उन्हाचा कवडसा पडला तरच तो पेटतो. कॅमेऱ्याचा सेन्सर डोळ्यासारखा थकत नाही. संवेदनशीलता वाढवली, घरी येऊन उजेड वर ओढला, लाल थोडा भरला, की त्या पहाटे त्या जंगलात कुणालाच न दिसलेला लाल पडद्यावर येतो.

यावर मला कुणी विचारेल, मग खरा रंग कुठला? पहाटेचा काळपट की उन्हातला पेटता? प्रश्न बरोबर आहे, आणि लॉकपासून तत्त्वज्ञान या प्रश्नावर बसलेलं आहे. रंग वस्तूत असतो की पाहणाऱ्यात? पक्ष्यांच्या डोळ्यात तर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्यापेक्षा एका जातीनं जास्त. मादी कर्ण्याला जो नर दिसतो तो आपल्याला कधीच दिसणार नाही. त्यामुळे फोटोतला लाल 'खोटा' आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणतो तो एक दावा आहे, आणि त्या दाव्याला वेळ आणि उजेड जोडलेला हवा. लाल आहे, पण केव्हा? ही साधी नोंद फोटोखाली क्वचितच असते. लेन्सचा नंबर मात्र असतो.

आता हे फोटो मिळतात कसे. तीन रस्ते आहेत. एक, आडोसा. कापडी किंवा झावळ्यांची खोली, समोर पाण्याचं कुंड, त्यावर मांडलेली फांदी. याच्यावर सरसकट टीका मी करणार नाही. कुणाच्या तरी परसात असा आडोसा असला तर त्या घराला चार पैसे मिळतात, आणि पन्नास माणसं जंगल तुडवण्याऐवजी एका बाकावर गप्प बसतात. दुसरा रस्ता, आवाज. मोबाइलवर नराची साद वाजवायची. हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो तावातावानं पुढे येतो, छाती दाखवतो. फोटो उत्तम येतो. त्या फोटोत शांत वनवासी पक्षी आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो भांडायला आलेला आहे आणि समोर कुणीच नाही. तिसरा रस्ता घरट्याचा. कर्णा कुजलेल्या, मऊ झालेल्या उभ्या खोडात पोकळी करतो, ती पुष्कळदा हाताच्या उंचीवर असते. अंडी बहुधा दोन. पालक एकाच ठिकाणी परत परत येणार, म्हणून फोटोग्राफरला ती जागा सोन्याची.

इथे इतिहासाला न्याय द्यायला हवा. जुन्या लोकांनी घरट्यावर फोटो काढले कारण दुसरा इलाज नव्हता. फिल्म मंद, लेन्स आखूड. सालिम अलींचे मित्र लोक वान थो, सिंगापूरचे धनिक आणि सिनेमाच्या धंद्यातले, त्यांचं १९५७ चं पक्ष्यांच्या फोटोंचं पुस्तक त्या काळाचं आहे. इंग्लंडच्या एरिक हॉस्किंगनं तर १९३७ मध्ये घरट्याजवळ घुबडाच्या हल्ल्यात एक डोळा गमावला. त्यांची अडचण खरी होती. आज हातात असलेली उपकरणं ती अडचण पार करून गेली आहेत. राहिली आहे ती सवय. आणि ज्यांना हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा वाटतो त्यांनी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडावा. त्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही येतं. शिकार. बंदुकीचं नाव नाही तिथे.

आतापर्यंत मी फिर्यादीच्या बाजूनं बोललो. आता दुसरी बाजू, आणि ती माझ्या मते फार भक्कम आहे. त्यासाठी आपल्याला सह्याद्री सोडून पार अरुणाचलात, ईगलनेस्ट अभयारण्यात जावं लागेल.

१९९५ च्या जानेवारीत रमणा अत्रेय यांना तिथे, सुमारे दोन हजार मीटरवर, दोन पक्षी दिसले. हे गृहस्थ व्यवसायानं खगोलशास्त्रज्ञ, पुढे आपल्या पुण्यात आयसरमध्ये शिकवायला होते. काळी टोपी, डोळ्याजवळ पिवळा-नारिंगी रंग, पंखावर सोनेरी आणि लाल. कुठल्याही पुस्तकाशी जुळेना. पुन्हा तो पक्षी दिसला तो २००५ मध्ये. मधली दहा वर्षं फोटो नाही, नमुना नाही, फक्त नोंद. २००६ च्या मे महिन्यात जाळ्यात दोन पक्षी आले, आणि तिथे प्रश्न उभा राहिला. नवी जात जाहीर करायची तर शास्त्राची शेदीडशे वर्षांची रीत अशी की एक पक्षी मारायचा, त्याचं कातडं संग्रहालयात ठेवायचं. पण एकूण पक्षीच मूठभर दिसलेले. अत्रेयांनी मापं घेतली, फोटो काढले, जाळ्यात गळलेली पिसं जपून ठेवली, आणि पक्षी सोडून दिले. त्याच वर्षी 'इंडियन बर्ड्स' या नियतकालिकात त्या आधारावर जात जाहीर झाली. नाव दिलं तिथल्या बुगुन लोकांवरून, बुगुन लिओसिक्ला.

म्हणजे बघा, गूल्डच्या काळात चित्रासाठी पक्षी मरावा लागे, आणि इथे चित्रामुळे पक्षी जगला. या फोटोंकडे समीक्षक म्हणून पाहिलं तर ते सुंदर म्हणून काढलेलेच नाहीत. हातात धरलेला पक्षी, उघडलेला पंख. बोटं दिसतात, प्रसंग दिसतो, माणूस तिथे होता हे लपवलेलं नाही. कॅलेंडरवर ते कुणी लावणार नाही. पण फोटो ज्ञानाचं काम कधी करतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि त्या फोटोंच्या आधीची दहा वर्षं विसरू नका. फोटो नव्हता तेव्हा पक्षी नव्हता का?

या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण माझा मुख्य मुद्दा इथे आहे.

आपल्या दर्शनांत 'नसणं' कसं कळतं यावर मोठा वाद आहे. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान मला कशानं झालं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानंच. कुमारिल भट्टांची परंपरा आणि अद्वैती म्हणतात, नाही. त्यासाठी अनुपलब्धि हे वेगळं प्रमाण मानावं लागेल. पण ते एक अट घालतात. न दिसणं हे नसण्याचा पुरावा कधी ठरतं? ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. उजेडात घट दिसला नाही तर घट नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. पिशाच दिसत नाही म्हणून पिशाच नाही, असंही म्हणता येत नाही, कारण असतं तरी ते दिसणारं नव्हे. याला म्हणतात योग्यानुपलब्धि. वर्गात चाळीस वर्षं हे शिकवताना मुलं जांभया देत असत. घट कुणाला हवा आहे! मी पुढे घटाच्या जागी कर्णा ठेवू लागलो.

पाठमोरा, न हलणारा, सावलीत बसलेला कर्णा दिसला नाही, तर काय सिद्ध होतं? फार थोडं. तुम्ही किती वेळ थांबलात, कोणत्या ऋतूत गेलात, त्याची साद तुमच्या कानाला ओळखता येते का, हे सगळं कळल्याशिवाय 'दिसला नाही' या वाक्याला किंमत नाही. ईबर्डवर यादी भरणाऱ्यांना हे ठाऊक आहे. ते विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवलेत का? किती वेळ होतात, किती अंतर चाललात? हा कारकुनी प्रश्न वाटतो, पण ही कुमारिलांची अट आहे. ज्याची यादी पूर्ण आहे त्याचंच 'नाही' उपयोगाचं. अशा तीस हजार लोकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल उभा आहे, ९४२ जातींचा. त्यातल्या बहुसंख्य नोंदींना फोटो नाही. कुणीतरी ऐकलं, पाहिलं आणि लिहिलं.

याच्या उलट काय चाललं आहे? फोटो नसेल तर नोंद नाही, अशी एक समजूत पसरते आहे. आमच्या ओळखीतली तरुण मुलं सांगतात, "सर, दिसला, पण मिळाला नाही." मिळाला नाही म्हणजे फोटो मिळाला नाही. आणि पाठमोरा मिळाला तर तो फोटो पुसून टाकतात. या भाषेकडे नीट बघा. त्या मुलाला कर्णा दिसला आहे, वीस मिनिटं दिसला आहे, आणि त्याच्या हिशेबी दिवस फुकट गेला.

हे केवळ छंदापुरतं राहिलं असतं तर मी व्याख्यान दिलं नसतं. डोंगरातून रस्ता जायचा, लोहमार्ग जायचा, खाण व्हायची, तेव्हा तिथे काय आहे याची यादी केली जाते. मोलेच्या जंगलाचं प्रकरण आठवा. कॅसलरॉक ते कुळे हा लोहमार्ग दुहेरी करायला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या मे महिन्यात रद्द केली. अशा प्रत्येक प्रकरणात यादीतला 'आढळला नाही' हा शेरा फार जड असतो. चार दिवस भरदुपारी फिरून केलेल्या यादीत कर्णा नसणं ही अंधाऱ्या खोलीतल्या घटाची गोष्ट आहे. ते कागदावर मात्र जंगलात कर्णा नसल्यासारखं वाचलं जातं. आणि ज्या लोकांनी त्याच जंगलात वर्षानुवर्षं त्याची पाठ पाहिली, साद ऐकली, त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं, कारण 'चांगले' नव्हते ते फोटो त्यांनी ठेवलेच नाहीत.

मग समीक्षक म्हणून मी कर्ण्याच्या फोटोत काय शोधतो? एक, जागा. झाड ओळखू येऊ दे, मेलेलं उभं खोड दिसू दे, कारण त्याच्याशिवाय घरटं नाही, आणि 'साफसफाई'त आपण तीच खोडं आधी काढतो. दुसरं, अंतर. वाल्टर बेन्यामिननं तेज म्हणजे काय हे सांगताना उन्हाळ्यातल्या दुपारी लांबच्या डोंगररांगेकडे बघण्याचं उदाहरण घेतलं होतं. जवळ आणली तरी दूरच राहणारी गोष्ट. सहाशेची लेन्स अंतर गिळते. फ्रेममध्ये पक्षी बोटाएवढाच असला तर तो किती लांब होता हे कळतं. आणि मादीचे फोटो. लाल नाही म्हणून तिला कुणी स्पर्धेला पाठवत नाही. एका अख्ख्या जातीचं अर्धं चित्र त्यामुळे आपल्याकडे नाही. पायाचं तर सोडूनच द्या. ट्रोगनच्या पायाची पहिली आणि दुसरी बोटं मागे वळलेली असतात, पक्ष्यांच्या दुसऱ्या कुठल्याही कुळात ही मांडणी नाही, आणि ते पाय पोटाच्या पिसांत इतके बुडालेले असतात की शेकडो फोटोंत ते दिसत नाहीत. कुणाला दिसले तर मला जरूर पाठवा.

एक चिठ्ठी आली आहे. "सर, मग पाठमोरा फोटो कुणी बघेल का?" बघेल. तो कसा असावा तेही सांगतो. पाठ आडव्या फांदीवर, शेपूट खाली, मान थोडी वळलेली, एक डोळा तुमच्याकडे आणि त्याभोवती निळसर कातडीची कड. लाल बहुधा नसेलच. फार तर कडेनं एक धागा. खाली लिहा, आंबोली, सकाळी सहा पन्नास, धुकं, सतरा मिनिटं बसला, साद वाजवली नाही. हा फोटो तुमच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होईल. पण उद्या कुणी विचारलं, इथे कर्णा आहे का, तर मी तो पुढे करीन.

पुढची चिठ्ठी घेऊ या.